शिंदे, पण कुठले?

२०२५ मध्ये बीड जिल्हा पोलिसांनी दिसायला साधा, पण राज्यभर गाजलेला एक बदल केला. पोलिसांच्या छातीवरच्या आणि टेबलांवरच्या पाट्यांवरून आडनावे गेली, नुसती पहिली नावे उरली. जिल्ह्यात जातीय तणाव टोकाला गेला होता. तक्रार घेऊन आलेला माणूस आधी पाटी वाचतो आणि मग तोंड उघडायचे की नाही ते ठरवतो, ही अडचण खोटी नव्हती. पण त्यानंतर जी चर्चा रंगली तिने मूळ अडचण बाजूला ठेवली आणि ठरलेले दोन तट उभे केले. एक तट म्हणाला, पोलिसांनीच कशाला, सगळ्यांनीच आडनावे टाकून द्या, म्हणजे जात आपोआप जाईल. दुसरा म्हणाला, आडनाव ही वाडवडिलांची पुण्याई आहे, ती पुसणारे तुम्ही कोण? मग पुराव्यादाखल याद्या फिरू लागल्या. ‘आमच्या आडनावाचे थोर पुरुष’ अशा मथळ्याची सोनेरी चौकट, आत दहा-बारा फोटो, एका कोपऱ्यात तलवार आणि खाली ‘गर्व आहे’.

मला या दोन्ही तटांचे पटत नाही, आणि न पटण्याचे कारण दोघांच्या बाबतीत एकच आहे. दोघेही आडनावावर नको तेवढा विश्वास टाकतात. एकाला वाटते की आडनाव रक्त सांगते, म्हणून ते मिरवायचे. दुसऱ्याला वाटते की आडनाव जात सांगते, म्हणून ते पुसायचे. आडनाव खरोखर काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे तपासायच्या फंदात कुणी पडत नाही. माझे म्हणणे असे की महाराष्ट्रातली बरीचशी मोठी आडनावे या दोन्ही गोष्टींची साक्ष द्यायला नालायक आहेत. उदाहरणासाठी शिंदे हे आडनाव घेतो, कारण त्याची यादी सर्वांत भारदस्त आहे आणि सर्वांत लवकर उसवतेही.

यादी सहसा अशी असते. आरंभी राणोजी शिंदे, साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे पाटील. मग १० जानेवारी १७६० ला दिल्लीजवळच्या बुराडी घाटावर पडलेले दत्ताजी, पानिपतात गेलेले जनकोजी, आणि ज्यांच्या फौजेच्या आधाराने शाह आलम बादशहा १७७२ मध्ये दिल्लीला परतला ते महादजी. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांची उडी. १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई, १९०६ मध्ये अस्पृश्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढणारे महर्षी विठ्ठल रामजी, १९५१ च्या दिल्ली कसोटीत इंग्लंडचे सहा गडी ९१ धावांत टिपणारे लेगस्पिनर सदू शिंदे, गायक प्रल्हाद शिंदे, नट सयाजी शिंदे. शेवटी दोन मुख्यमंत्री, सुशीलकुमार आणि एकनाथ. वाचणाऱ्याला वाटावे की कण्हेरखेडच्या एकाच विहिरीचे पाणी पाटापाटाने सगळीकडे पोहोचले.

आता ही नावे सुटी करून पाहू. राणोजी ते महादजी हे एका घरातले, याबद्दल वाद नाही. विठ्ठल रामजींचा जन्म १८७३ चा, जमखंडीचा. हे गाव आज कर्नाटकात आहे. ताराबाई बुलढाण्याच्या, वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजातले. प्रल्हाद शिंदे मंगळवेढ्याचे, आंबेडकरी कुटुंबातले. भीमगीतांनी वस्त्यावस्त्यांत रात्री जागवणारा त्यांचाच आवाज दर आषाढीला पंढरपूरच्या रस्त्यावर, चहाच्या टपरीवरून आणि टेम्पोला बांधलेल्या कर्ण्यातून विठ्ठलाची गाणी म्हणत असतो. सुशीलकुमार शिंदे सोलापूरचे, अनुसूचित जातीतले. कोर्टातली साधी नोकरी, मग पोलीस फौजदारी, आणि २००३ मध्ये राज्याचे पहिले दलित मुख्यमंत्री. एकनाथ शिंदे साताऱ्याच्या दरे गावचे मराठा, ठाण्यात रिक्षा चालवलेले. सयाजीही साताऱ्याकडचेच. पण जिल्हा एक, एवढ्या धाग्यावर कण्हेरखेडची वंशावळ विणता येत नाही. मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटियरे उघडून पाहावीत. त्यांत जातवार वर्णने आहेत आणि जाधव, मोरे, पवार, गायकवाड, शिंदे ही आडनावे एकीहून अधिक जातींखाली पुन्हा पुन्हा भेटतात. शिंदे मराठ्यांत आहेत, धनगरांत आहेत, पूर्वाश्रमीच्या महारांत आहेत, इतरही अनेकांत आहेत. एकाच लग्नपत्रिकेत दोन्हीकडचे शिंदे असू शकतात आणि एकाच गावात एकमेकांच्या घरी पाणीही न पिणारे शिंदे पिढ्यान् पिढ्या राहिलेले आहेत. मग यादी करणाऱ्यांच्या मनातले ‘आपण’ नेमके कोण?

शिवाय यादीत जे एक नाव हटकून नसते, ते मला सर्वांत बोलके वाटते. १७२५ मध्ये चौंडीच्या पाटलाच्या, माणकोजी शिंद्यांच्या घरी एक मुलगी जन्मली. रक्ताचाच हिशेब करायचा तर ती पक्की शिंदे. पण तिचे लग्न खंडेराव होळकरांशी झाले आणि शिंद्यांच्या यादीतून अहिल्याबाई कायमच्या बाहेर गेल्या. उलट दौलतराव शिंद्यांच्या मागे १८२७ ते १८३३ ग्वाल्हेरचा कारभार हाकणाऱ्या बायजाबाई जन्माने कागलच्या घाटगे. त्या मात्र यादीत बसतात. सदू शिंद्यांची मुलगी प्रतिभा लग्नानंतर पवार झाली, म्हणजे लेगस्पिनची ती शाखाही कागदावर संपलीच. आडनाव वारसा सांभाळते म्हणणाऱ्यांना हे विचारायला हवे की प्रत्येक पिढीत लेकींची सगळी बाजू गाळून टाकणारा हा कसला सांभाळ? आणि गंमत अशी की १७९३ मध्ये लाखेरीला महादजींच्या कवायती फौजेने होळकरांच्या फौजेचा धुव्वा उडवला, तेव्हा होळकरांच्या दौलतीची धनीण ही माहेरची शिंदेच होती. आडनावाच्या अभिमानाने त्या दिवशी कुणाचा जय म्हणायचा?

बरे, खुद्द ग्वाल्हेरच्या घरातही रक्ताची रेघ सरळ नाही. महादजी हे राणोजींच्या लग्नाच्या बायकोचे पुत्र नव्हेत, असे म्हणत पानिपतानंतर कित्येक वर्षे त्यांचा सरदारकीवरचा हक्क अडवला गेला. ज्या माणसाला आज सगळे शिंदे पूर्वज म्हणून मिरवतात, त्याला त्याच्या हयातीत ‘तू घरातला नाहीस’ असे ऐकून घ्यावे लागले; तो मोठा झाला तो तलवारीच्या, मुत्सद्देगिरीच्या आणि कमालीच्या चिवटपणाच्या जोरावर. महादजींना मुलगा नव्हता, गादी भावाच्या नातवाकडे, दौलतरावांकडे गेली. पुढे १८२७ मध्ये आलेले जनकोजीराव दत्तक, १८४३ मध्ये आलेले जयाजीरावही दत्तक. आणि यादी दौलतरावांच्या आधीच का थबकते तेही उघड आहे. १७९८ मध्ये त्यांचे सासरे सर्जेराव घाटगे पुण्यातल्या सावकारांना पैशासाठी छळत होते ते दौलतरावांच्याच वर्चस्वाच्या काळात. १८०३ मध्ये इंग्रजांकडून हरल्यावर सुर्जी-अंजनगावच्या तहावर सही झाली ती दौलतरावांचीच. १८५८ च्या जूनमध्ये तात्या टोपे आणि झाशीची राणी ग्वाल्हेरच्या वेशीवर आले तेव्हा जयाजीराव इंग्रजांच्या बाजूला होते. मी यातल्या कुणाचा न्याय करायला बसलेलो नाही, त्या त्या काळाच्या अडचणी त्या त्या माणसांच्या होत्या. पण बुराडीचे पुण्य आडनावातून उतरत असेल तर सुर्जी-अंजनगावची सहीही त्याच वाटेने उतरायला हवी. ती कुणालाच नको असते.

यावर प्रतिवाद होतात आणि त्यांतले काही चांगले वजनदार आहेत. पहिला असा: ज्यांच्या पूर्वजांना इतिहासाने कधी ओळीत उभेच केले नाही, त्यांच्या पोरांना भिंतीवरच्या तसबिरीत आपले आडनाव दिसले तर बिघडले कुठे? कोरडवाहू शेतकऱ्याचा किंवा वस्तीतला मुलगा ‘महर्षी शिंदे’ हे शब्द वाचून जरा ताठ बसत असेल, तर त्या ताठ बसण्याला नावे ठेवणारा मी कोण? हा मुद्दा मला हसण्यावारी नेता येत नाही. पोथ्या आणि बखरी ज्यांच्या घरात होत्या त्यांनी वंशाभिमानाची चैन शतकानुशतके केली. आता दुसऱ्यांची पाळी आली की लगेच उपदेश सुरू, हे ढोंगच आहे. पण ज्या माणसांकडे बोट दाखवून हा अभिमान शिकवला जातो त्यांनी स्वतः काय केले ते तरी पाहू. ताराबाईंनी पुस्तक लिहिले ते कुणासाठी? सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती सौम्य करून काळ्या पाण्याची झाली, आणि वर्तमानपत्रांतून एकूणच बायकांच्या चारित्र्यावर शेरेबाजी सुरू झाली, त्या संतापातून. ना जात एक, ना गाव, ना भाषा. आपल्या आडनावाच्या बायकांपुरते लिहायचे तर ताराबाईंना लेखणी उचलायचे काहीच कारण नव्हते. त्यांच्यावर टीका झाली तेव्हा त्यांची बाजू जोतीराव फुल्यांनी घेतली, कुण्या शिंद्याने नव्हे.

विठ्ठल रामजींची गोष्ट तर या यादीच्या थेट विरोधात जाते. ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्माचा अभ्यास करून आलेला हा मराठा माणूस बडोद्याच्या किंवा कोल्हापूरच्या दरबारात सुखाने मानाची जागा मिळवू शकला असता. तो अस्पृश्यांच्या वस्त्यांत शाळा आणि वसतिगृहे काढत बसला, आणि त्यासाठी स्वजातीयांकडून दुरावाही सोसला. १९२० च्या मुंबई इलाख्याच्या कौन्सिलच्या निवडणुकीत मराठ्यांसाठी राखीव जागा असताना ते सर्वसाधारण जागेवरून उभे राहिले, आणि पडले. जातीच्या आधाराने निवडून येण्यापेक्षा हरणे पत्करणाऱ्या माणसाला त्याच्या मृत्यूनंतर आडनावाच्या आधाराने मोठे करणे, हे त्यांना समजून घेणे आहे की त्यांच्याकडे पाठ फिरवणे? मुलाला स्फूर्ती जरूर मिळावी. पण ती जमखंडीच्या एका सामान्य घरातल्या मुलाने काय केले यातून मिळावी. मग ती कांबळे, कुलकर्णी आणि शेख या मुलांनाही मिळू शकते.

दुसरा प्रतिवाद कुळाचा. आडनाव अगदीच पोकळ कसे? देवक असते, कुलदैवत असते, भाऊबंदकी असते, वंशावळी सांगत फिरणाऱ्या हेळव्यांच्या आणि तीर्थोपाध्यांच्या वह्यांत पिढ्यांची नावे असतात. खरे आहे. पण नीट पाहिले तर हा मुद्दा माझ्याच बाजूचा निघतो. वंश सिद्ध होतो तो वहीतल्या नावानिशीच्या नोंदीने. मराठवाड्यातल्या मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला २०२३ मध्ये सरकारने जी समिती नेमली तिचे अध्यक्षही योगायोगाने शिंदेच, निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे. त्या कामासाठी गावोगावची मोडी दप्तरे उघडली गेली, जन्ममृत्यूची रजिस्टरे, महसुलाची कागदपत्रे आणि शाळांचे दाखले चाळले गेले. का? कारण शेजारच्या शिंद्याची कुणबी नोंद सापडली म्हणून या शिंद्याला दाखला मिळत नाही. पणजोबाचे नाव आणि त्या पणजोबाशी जोडणारी वंशावळ लागते. जे आडनाव जात पडताळणी समितीपुढे पुरावा म्हणून टिकत नाही, ते थेट अठराव्या शतकातल्या सेनानीशी नाते जोडायला मात्र पुरेसे धरायचे, हे कसे?

आता आडनावे टाकायला सांगणाऱ्या तटाकडे वळतो. त्यांची बाजू नैतिकदृष्ट्या अधिक भक्कम आहे हे आधीच मान्य करून. आडनावामुळे माणसांचे नुकसान होते, हे भावनेच्या भरात केलेले विधान नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फरक फक्त नावांत. दलित वाटणाऱ्या नावाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत साधारण दोन-तृतीयांश निघाली. भाड्याने खोली शोधणाऱ्या कितीतरी जणांना हे अभ्यासाविना ठाऊक आहे. फोनवर सगळे ठरते, मग ‘आडनाव काय म्हणालात?’, आणि संध्याकाळपर्यंत खोली ‘गेलेली’ असते. राजपत्रात दर आठवड्याला नावबदलाच्या जाहिराती छापून येतात. कुणी ज्योतिषाच्या सांगण्यावरून बदलते, कुणी लग्नामुळे, आणि काही जणांनी का बदलले ते जुने आणि नवे आडनाव शेजारी शेजारी वाचले की कळते. हे सोसणाऱ्याला ‘आडनावाचा वारसा जपा’ असे सांगणे निर्दयपणाचे आहे.

तरीही सरसकट आडनावे टाकण्याचा उपाय मला अपुरा वाटतो, कारण तो अन्यत्र करून झाला आहे. फेब्रुवारी १९२९ मध्ये तामिळ मुलखातल्या चेंगलपट्टूच्या स्वाभिमान परिषदेत जातवाचक उपनावे टाकण्याचा ठराव झाला. पेरियारांनी स्वतः ‘नायकर’ टाकले, आणि पुढच्या काही दशकांत तामिळ समाजाने हा ठराव जितका अमलात आणला तितका देशात क्वचितच कुठे आला असेल. त्याचा फायदाही झाला. जातीची बिरुदे नावामागे लावून मिरवणे तिथे बरेचसे लाजिरवाणे ठरले, ही लहान गोष्ट नव्हे. पण जात गेली का? ऑगस्ट २०२३ मध्ये तिरुनेलवेली जिल्ह्यातल्या नांगुनेरीत एका दलित विद्यार्थ्यावर आणि त्याच्या बहिणीवर शाळेतल्याच मुलांनी घरात घुसून कोयत्यांनी वार केले. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती चंद्रू समितीला कशावर बंदी सुचवावी लागली? विद्यार्थ्यांच्या मनगटावरच्या रंगीत पट्ट्यांवर. प्रत्येक जातीचा रंग ठरलेला. आडनाव नसले की दोरा बोलतो.

आपल्याकडे तर आडनाव हयात असतानाच ते पुरत नाही, याचा रोजचा अनुभव आहे. एसटीत शेजारी बसलेल्याला ‘शिंदे’ सांगितले की संभाषण तिथे संपत नाही. ‘शिंदे म्हणजे कुठले?’ मग गाव. मग ‘त्या गावात पाटलांकडचे का?’ मग मामाचे आडनाव, देव कोणता, सोयरीक कुठे. चौथ्या-पाचव्या प्रश्नाला उत्तर हाती लागते, आणि मग डबा पुढे केला जातो किंवा खिडकीबाहेर पाहिले जाते. थोरात-अ‍ॅटवेल यांच्यासारख्या चाचणीत शिंदे हे नाव उपयोगाचेच ठरले नसते, कारण ते एका जातीकडे बोट दाखवत नाही. अशा आडनावामागे पूर्ण चौकशी लपलेली असते. पाटी पुसली म्हणून चौकशी करणारा गप्प बसेल, असे कशावरून?

आणि आडनाव पुसताना काही जणांनी कष्टाने मिळवलेले, घडवलेले नावही पुसले जाते. जोतीरावांचे मूळ घराणे कटगुणचे गोऱ्हे. पुण्यात फुलांचा व्यवसाय केला म्हणून फुले. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ. आंबडवे गावावरून आंबडवेकर आणि शाळेच्या दप्तरात आंबेडकर. ही दोन्ही आडनावे आज ज्या अर्थाने उच्चारली जातात तो अर्थ त्यांना कुळाने दिला नाही, एकेका माणसाच्या कामाने दिला. ती टाकायला सांगण्याचा अधिकार कुणाला आहे? ज्याच्या आडनावाने आजवर दारे उघडली त्याने ते टाकले तर त्याला पुरोगामी म्हणून शाबासकी मिळते. ज्याने अपमान सोसून आपले आडनाव पाटीवर तसेच ठेवले, त्याच्या धैर्याची नोंद कोण घेणार?

मग करायचे काय? जिथे एक माणूस दुसऱ्याच्या नशिबाचा निर्णय करतो तिथे आडनाव झाकावे. बीडच्या पोलिसांनी तेच केले आणि तेवढ्यापुरते ते बरोबर केले. दहावीच्या उत्तरपत्रिकेवर तपासणाऱ्याला नाव दिसत नाही, त्याने कुणाच्या कुळाचा अपमान झाल्याचे ऐकिवात नाही. नोकरीच्या अर्जाची पहिली छाननी आणि सरकारी वसतिगृहाचा प्रवेश इथेही ते झाकता येईल. मात्र राखीव जागांच्या हिशेबासाठी, भेदभाव मोजण्यासाठी जातीची नोंद लागते. ती वेगळ्या कागदावर, पुराव्यानिशी असावी. इतिहासाच्या पुस्तकांत आणि चौकातल्या फलकांवर माणसे आपापल्या कामाच्या शेजाऱ्यांबरोबर बसावीत: विठ्ठल रामजी जोतीरावांच्या जवळ, ताराबाई पंडिता रमाबाईंच्या जवळ, सदू शिंदे सुभाष गुप्त्यांच्या जवळ, प्रल्हाद शिंदे वामनदादा कर्डकांच्या जवळ.

ज्यांना एवढे सांगूनही आडनाव म्हणजे वारसाच वाटतो, त्यांच्यासाठी एक काम सुचवतो. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने ठरवले की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव लिहायचे. निर्णय चांगला आहे. पण त्यात आईचे फक्त नाव आले. तिच्या माहेरचे आडनाव मात्र कुठल्याच रकान्यात आले नाही. आज चौंडीत एखाद्या शिंद्याची लेक होळकरांकडे दिली आणि तिला मूल झाले, तर त्या मुलाच्या पूर्ण नावात शिंद्यांचा मागमूसही राहणार नाही. वारशाची खरोखर चाड असेल तर हा रकाना मागा. कुलसंमेलने होतात, मंडप पडतात, स्मरणिका छापल्या जातात, वधू-वर मेळावे भरतात. या मागणीचा ठराव अजून एकाही स्मरणिकेत माझ्या पाहण्यात आलेला नाही.